शितावरून भाताची परीक्षा : लहानमोठ्या शेतांतून नमुना कसा निवडावा

‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण आपल्या घरोघरीं चालत आलेली आहे. आणि सुगरण बाई पातेल्यांतील चार शितें चेपून भात शिजला कीं नाहीं हें बिनचूक सांगते, हाही नित्याचा अनुभव आहे. परंतु पातेल्यांतील सर्व शितें एकाच पाण्यांत व एकाच आंचेवर शिजलेलीं असतात. गांवच्या शिवाराची गोष्ट तशी नाहीं. कोणाचें शेत विहिरीच्या पाण्याखालीं, कोणाचें माळरानावर. कोणाची ज्वारी एक एकर, तर कोणाची वीस एकर. अशा शिवारांतून चार ठिकाणचें पीक कापून साऱ्या गांवाचें उत्पन्न ठरवावयाचें असेल, तर तीं चार ठिकाणें कशीं निवडावीं? आम्ही आज ह्याच प्रश्नाचा विचार आमच्या वाचकांपुढें मांडणार आहों.

हा प्रश्न केवळ हिशेबनिसांच्या कुतूहलाचा नाहीं. १९१८ सालीं त्या वेळच्या मुंबई इलाख्यांतील खेडा जिल्ह्यांत जो सत्याग्रह झाला, त्याच्या मुळाशीं असाच एक आंकडा होता. पीक चार आणे किंवा त्याहून कमी आलें असेल तर त्या सालचा सारा तहकूब व्हावा असा नियम होता. रयत म्हणे, पीक चार आण्यांच्या आंत आहे. अंमलदार म्हणत, अधिक आहे. महात्मा गांधी व वल्लभभाई पटेल ह्यांनीं रयतेची बाजू घेतली. परंतु दोन्ही पक्षांस मान्य होईल अशा रीतीनें पीक मोजण्याचें साधन कोणापाशींच नव्हतें. आजही गोष्ट फारशी वेगळी नाहीं. २०१६ च्या खरिपापासून सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेंत उत्पन्नावर आधारलेली भरपाई एकट्या शेतकऱ्याच्या शेतावरून ठरत नाहीं. ती साऱ्या विमाक्षेत्राच्या सरासरीवरून ठरते. ही सरासरी उंबरठा उत्पन्नाखालीं गेली तरच तेथील विमाधारकांस भरपाई मिळते. म्हणजे नमुना निवडण्यांत जी चूक होईल ती गांवांतील प्रत्येक घराच्या पदरांत पडते.

नजरअंदाजाकडून मोजणीकडे

पूर्वी पीक किती आणे आहे हें बांधावर उभें राहून नजरेनें ठरवीत. नजर अनुभवी असली तरी ती माणसाची नजर असते. रस्त्याकडेचें शेत तिला आधीं दिसतें व डोंगरापलीकडील शेत मुळींच दिसत नाहीं. ह्या पद्धतीस पहिला शास्त्रीय पर्याय बिहार व ओरिसा प्रांतांत जॉन हबॅक ह्या मुलकी अधिकाऱ्यानें दिला. १९२३ ते १९२५ ह्या काळांत त्यानें यदृच्छेनें निवडलेल्या जागीं भाताचें पीक कापून तें तोललें. पुढें १९३७ पासून बंगालमध्यें प्रशांतचंद्र महालनोबिस ह्यांनीं तागाच्या क्षेत्राची नमुना पाहणी हातीं घेतली. सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं १९११ सालीं जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि डॉ. वि. गो. पानसे ह्यांनीं पीक कापणी प्रयोगांची पद्धत देशभर रुजविण्यांत मोठा वांटा उचलला. ह्या विषयाचा पाया घालणाऱ्यांत आपल्या मुलखांतील माणसें आहेत, ही अभिमानाची गोष्ट होय. म्हणून तरी तो विषय आपण समजून घेतला पाहिजे.

चूक कोठें होते

एक उदाहरण घेऊं. समजा, एका गांवांत रब्बी ज्वारी पेरणारे आठ खातेदार आहेत. त्यांचें ज्वारीखालील क्षेत्र, एकरी उत्पन्न व एकूण उत्पन्न पुढीलप्रमाणें आहे.

पहिला : २ एकर, एकरी ७ क्विंटल, एकूण १४
दुसरा : ३ एकर, एकरी ६ क्विंटल, एकूण १८
तिसरा : १ एकर, एकरी ८ क्विंटल, एकूण ८
चौथा : ६ एकर, एकरी ५ क्विंटल, एकूण ३०
पांचवा : ४ एकर, एकरी ६ क्विंटल, एकूण २४
सहावा : १२ एकर, एकरी ५ क्विंटल, एकूण ६०
सातवा : २ एकर, एकरी ७ क्विंटल, एकूण १४
आठवा : २० एकर, एकरी ४ क्विंटल, एकूण ८०

एकूण क्षेत्र ५० एकर व एकूण उत्पन्न २४८ क्विंटल. म्हणजे गांवाचें खरें एकरी उत्पन्न ४.९६ क्विंटल. लहान खातेदाराचें रान विहिरीजवळ असून खुरपणी घरच्या माणसांच्या हातची असते, आणि मोठ्या खात्यांत हलकी जिराईत जमीन बरीच असते, असें आम्हीं येथें गृहीत धरलें आहे. सर्वत्र असेंच असतें असें नव्हे. परंतु लहान व मोठ्या शेतांच्या एकरी उत्पन्नांत फरक असणें हें नवल नाहीं.

आतां कोणी म्हणेल, ‘आठही नांवांच्या चिठ्ठ्या टोपलींत टाका, कोणतीही काढा, त्याच्या शेतांत एका ठिकाणीं कापणी करा आणि निघालेल्या एकरी उत्पन्नाची सरासरी घ्या. सर्वांस सारखी संधि. ह्याहून अधिक न्याय कोणता?’ वरवर पाहतां हें बोलणें बिनतोड वाटतें. परंतु अशा रीतीनें कितीही वेळां चिठ्ठ्या काढल्या, तरी सरासरी ज्या आंकड्यावर स्थिरावेल तो आंकडा म्हणजे आठ एकरी उत्पन्नांची साधी सरासरी होय. ७, ६, ८, ५, ६, ५, ७ व ४ ह्यांची बेरीज ४८. तिला आठानें भागलें असतां ६ क्विंटल येतात. खरें उत्पन्न ४.९६ आणि हिशेब सांगतो ६!

ह्याचें मोल किती? समजा, उंबरठा उत्पन्न एकरी ६ क्विंटल आहे व विमा संरक्षित रक्कम एकरी १५,००० रुपये आहे. उंबरठ्यापेक्षां जितकी तूट, तितक्या प्रमाणांत भरपाई, असा नियम आहे. खऱ्या उत्पन्नाप्रमाणें तूट १.०४ क्विंटल, म्हणजे शेंकडा सुमारें १७.३३; भरपाई एकरी २,६०० रुपये, आणि ५० एकरांस १,३०,००० रुपये. चुकीच्या सरासरीप्रमाणें तूट शून्य व भरपाईही शून्य. कोणीं लबाडी केली नाहीं, कोणीं वजनांत मारलें नाहीं, चिठ्ठ्याही प्रामाणिकपणें काढल्या. तरीही गांवाचे सव्वा लाखाहून अधिक रुपये गेले. उलट मोठ्या शेतांचें एकरी उत्पन्न अधिक असतें, तर हीच चूक दुसऱ्या बाजूस झुकून नसलेलें नुकसान दाखविती.

दोष कोठें आहे हें आतां वाचकांच्या ध्यानीं आलें असेल. सारखी संधि खातेदारांस दिली. परंतु विचारावयाचें होतें जमिनीला. एक एकरवाल्याचा एक एकर आणि वीस एकरवाल्याचे वीस एकर ह्यांस एकच मत मिळालें. जेथें एकरी उत्पन्नाचा प्रश्न आहे, तेथें प्रत्येक एकराला सारखी संधि मिळाली पाहिजे. आणि प्रत्येक एकराला सारखी संधि द्यावयाची, तर खातेदारांस असमान संधि द्यावीच लागते.

आकाराच्या प्रमाणांत निवड

ह्या तत्त्वास शास्त्रांत ‘आकाराच्या प्रमाणांत संभाव्यतेनें निवड’ असें म्हणतात. मॉरिस हॅन्सन व विल्यम हरविट्झ ह्या दोन अमेरिकन संख्याशास्त्रज्ञांनीं १९४३ सालीं त्याची मांडणी प्रसिद्ध केली. रीत इतकी सोपी आहे कीं गांवच्या चावडींत बसून ती करतां येते. प्रत्येकाच्या क्षेत्राची चढती बेरीज मांडावी व त्याच्या नांवापुढें तितके अनुक्रमांक लिहावे. पहिल्यास १ व २ हे क्रमांक, दुसऱ्यास ३ ते ५, तिसऱ्यास ६, चौथ्यास ७ ते १२, पांचव्यास १३ ते १६, सहाव्यास १७ ते २८, सातव्यास २९ व ३०, आठव्यास ३१ ते ५०. आतां १ ते ५० क्रमांकांच्या चिठ्ठ्या करून एक काढावी. २३ निघाला तर सहावा खातेदार, ४१ निघाला तर आठवा. काढलेली चिठ्ठी परत टोपलींत टाकून, चांगली हालवून मग दुसरी काढावी. ज्याचे वीस एकर, त्यास वीस चिठ्ठ्या. ज्याचा एक एकर, त्यास एक.

चिठ्ठ्या अनेक काढण्याचा त्रास वाचवावयाचा असेल तर ठराविक अंतराची रीत आहे. पांच कापण्या करावयाच्या आहेत असें समजूं. ५० ला ५ नें भागून अंतर १० आलें. १ ते १० मधून एकच चिठ्ठी काढावी. ती ४ ची निघाली तर ४, १४, २४, ३४ व ४४ हे क्रमांक घ्यावे. ४ म्हणजे दुसरा खातेदार, १४ म्हणजे पांचवा, २४ म्हणजे सहावा, आणि ३४ व ४४ हे दोन्ही आठव्याचे. आठव्याच्या शेतांत दोन निरनिराळ्या जागीं कापणी करावी. एकरी उत्पन्न अनुक्रमें ६, ६, ५, ४ व ४ आलें असें धरल्यास सरासरी ५ क्विंटल. तिला ५० नें गुणून गांवाचें उत्पन्न २५० क्विंटल. खरा आंकडा २४८ आहे. प्रत्येक खेपेस इतका मेळ बसेलच असें नाहीं. परंतु ह्या रीतीचा कांटा एका बाजूस झुकलेला नसतो, हें गणितानें सिद्ध आहे.

जेथें यादी फार लांब आहे व चढती बेरीज मांडणें जिकिरीचें आहे, तेथें भारतीय संख्याशास्त्रज्ञ डी. बी. लाहिरी ह्यांनीं १९५१ सालीं सुचविलेली युक्ति वापरावी. एक चिठ्ठी खातेदाराच्या क्रमांकाची काढावी, येथें १ ते ८; दुसरी चिठ्ठी १ पासून सर्वांत मोठ्या क्षेत्रापर्यंतची, येथें १ ते २०. दुसरा आंकडा त्या खातेदाराच्या एकरांइतका किंवा त्याहून कमी असेल तर तो निवडला गेला. अधिक असेल तर दोन्ही चिठ्ठ्या रद्द समजून पुन्हा काढाव्या. तीन एकरवाला वीसांपैकीं तीन वेळां टिकतो, वीस एकरवाला दर वेळीं टिकतो. म्हणजे बेरीज न मांडतां तेंच प्रमाण साधतें.

ह्यापासून लाभ किती

कोणी म्हणेल, सारख्या संधीनेंच खातेदार निवडून त्यांचें सबंध उत्पन्न तोललें आणि सरासरीला आठानें गुणलें तर? ही रीतही एका बाजूस झुकणारी नाहीं. परंतु ती फार हेलकावे खाते. दोनच खातेदार निवडावयाचे असतील आणि पहिला व तिसरा निघाले, तर अंदाज ८८ क्विंटल येईल. सहावा व आठवा निघाले तर ५६० क्विंटल! आकाराच्या प्रमाणांत निवडल्यास दोन चिठ्ठ्यांचा अंदाज २०० च्या खालीं व ४०० च्या वर कधींच जात नाहीं, आणि बहुधा २४८ च्या आसपासच राहतो. आम्हीं ह्या उदाहरणाचा पुरता हिशेब करून पाहिला. परत टाकून दोन चिठ्ठ्या काढल्यास प्रमाण विचलन सारख्या संधीच्या रीतींत सुमारें १३५ क्विंटल, तर आकाराच्या रीतींत सुमारें ३६ क्विंटल येतें. आकाराच्या रीतीनें दोन चिठ्ठ्यांत जी खात्री मिळते, ती मिळविण्यास सारख्या संधीच्या रीतींत सुमारें अठ्ठावीस चिठ्ठ्या काढाव्या लागतील. मजुरी व वेळ ह्यांची ही बचत कोणाही शेतकऱ्यास पटण्यासारखी आहे.

सारख्या संधीनें निवडून नंतर एकरांच्या वजनानें सरासरी काढली तरीही पुष्कळ सुधारणा होते, हें आम्हांस मान्य आहे. परंतु आठव्याचें खातें निवडींत आलेंच नाहीं, तर गांवच्या पिकाचा जवळजवळ तिसरा हिस्सा अंदाजाच्या बाहेर राहतो. त्यास मागाहून दिलेलें वजन काय करणार?

जपावयाच्या गोष्टी

पहिली गोष्ट ही कीं ज्या संधीनें निवड केली तिला अनुसरूनच हिशेब करावा. निवड आकारानें आणि सरासरी खातेदारामागें, असा घोटाळा केल्यास अनर्थ होतो. आमच्या उदाहरणांत आकारानें निवडलेल्या खातेदारांच्या एकूण उत्पन्नाची सरासरी ५४ क्विंटलांच्या वर स्थिरावते. तिला आठानें गुणलें तर गांवाचें पीक ४३४ क्विंटल दिसेल. खरा नियम असा आहे कीं प्रत्येक निवडलेल्या शेताच्या उत्पन्नास त्याच्या निवडीच्या संभाव्यतेनें भागावें व मग सरासरी घ्यावी. आठव्याची संभाव्यता पन्नासांत वीस. ८० ला तिनें भागलें असतां २०० येतात. तिसऱ्याची पन्नासांत एक. ८ ला तिनें भागलें असतां ४०० येतात.

दुसरी गोष्ट, प्रश्न जमिनीचा आहे कीं माणसांचा, हें आधीं ठरवावें. ‘गांवांतील किती शेतकऱ्यांकडे विहीर आहे’ हा प्रश्न माणसांचा आहे. तेथें आकारानें निवडलेली यादी जशीच्या तशी मोजली, तर मोठ्या खातेदारांचेंच चित्र उमटेल. तीच यादी वापरावयाची असेल तर दोन एकरवाल्याच्या उत्तराला वीस एकरवाल्याच्या दहापट वजन द्यावें, कारण त्याची निवडीची संधि दहा पटींनीं कमी होती.

तिसरी गोष्ट पीकपेऱ्याच्या नोंदीची. कागदावरील क्षेत्र खऱ्याहून थोडें कमीअधिक असलें, तरी एकूण उत्पन्नाचा अंदाज कागदावरील संभाव्यतेनें भागून काढल्यास तो एका बाजूस झुकत नाहीं. फक्त हेलकावा वाढतो. परंतु ज्याचें पीक नोंदलेंच गेलें नाहीं, त्याची चिठ्ठीच टोपलींत पडत नाहीं. त्याचें शेत जळालें काय किंवा बहरलें काय, हिशेबाला तें कळणार नाहीं. महाराष्ट्रांत २०२१ पासून ई-पीक पाहणीनें शेतकऱ्यास आपला पेरा स्वतः नोंदवितां येतो. ती नोंद वेळेवर करणें हें शेजाऱ्यांविषयींचेंही कर्तव्य आहे, असें आम्हांस वाटतें.

चौथी गोष्ट, एखादें खातें फारच मोठें असेल तर त्यास चिठ्ठीच्या भरंवशावर ठेवूं नये. तें निश्चितपणें पाहणींत घ्यावें, उरलेल्यांतून आकाराप्रमाणें निवड करावी, आणि दोहोंचा हिशेब निरनिराळा करून शेवटीं बेरीज घ्यावी.

पांचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. शेत निवडलें म्हणजे काम संपलें नाहीं. शेतांतील जागाही चिठ्ठीनेंच ठरली पाहिजे. शेताची लांबी व रुंदी पावलांनीं मोजावी, दोन्हींकरितां एकेक चिठ्ठी काढावी आणि तितकीं पावलें चालून जेथें पोंचूं तेथेंच दोरी लावावी. तेथें पीक विरळ आहे म्हणून पुढें सरकूं नये, दाट आहे म्हणून मागें हटूं नये. असें केलें म्हणजे मोठ्या शेतास निवडीची संधि अधिक, परंतु त्यांतील एका ठराविक तुकड्यास संधि तितकीच कमी. दोन्हींचा गुणाकार होऊन शिवारांतील प्रत्येक तुकड्यास सारखी संधि मिळते. ह्या रीतीचें सारें मर्म ह्या एका वाक्यांत आहे.

तुकडा फार लहानही घेऊं नये. डॉ. सुखात्मे ह्यांनीं १९४७ सालीं प्रसिद्ध केलेल्या लेखांत दाखविलें कीं लहान तुकड्यांच्या कापणींत उत्पन्न फुगून दिसतें. कारण कडेचीं ताटें आंत घेण्याकडे माणसाचा हात नकळत वळतो, आणि तुकडा जितका लहान तितकी कड प्रमाणानें मोठी. म्हणून ज्या ताटाचें मूळ दोरीच्या आंत तेंच घ्यावें. दहा मीटर लांब व पांच मीटर रुंद तुकडा घेतल्यास तो पन्नास चौरस मीटर होतो. एकरांत असे सुमारें ८१ तुकडे बसतात. तुकड्यांत ६ किलो २०० ग्रॅम वाळलेलें धान्य निघालें, तर एकरी सुमारें ५ क्विंटल समजावें. तोलण्यापूर्वीं धान्य नीट वाळवावें. ओलें धान्य तोललें तर तें पाण्याचें वजन होईल.

उपसंहार

हें सर्व वाचून कोणास वाटेल कीं मोठ्याला वीस चिठ्ठ्या व लहानाला एक, हा कसला न्याय? आम्ही त्यांस इतकेंच सांगूं कीं ह्या चिठ्ठ्या खातेदाराच्या मानाच्या नव्हेत, त्याच्या जमिनीच्या आहेत. ज्याच्या शेतांत कापणी झाली त्यास कांहीं अधिक मिळत नाहीं. जी सरासरी निघते ती एक एकरवाल्यास व वीस एकरवाल्यास एकच लागू होते, आणि ती खरी निघण्यांत दोघांचेंही हित आहे. वरच्या उदाहरणांत चुकीच्या सरासरीनें एक एकरवाल्याचे २,६०० रुपये गेले. त्याच्या घरीं त्या रुपयांची किंमत काय असते, हें आम्हीं सांगावयास नको.

येत्या सुगीपूर्वीं प्रत्येक गांवच्या सभासदांनीं हा प्रयोग एकदां स्वतः करून पाहावा. पेऱ्याची यादी करावी, चढती बेरीज मांडावी, सर्वांदेखत चिठ्ठ्या काढाव्या, पांच-सहा ठिकाणीं दोरी लावून कापणी करावी आणि निघालेला आंकडा वहींत तारखेसह लिहून ठेवावा. मळणी झाल्यावर प्रत्येकानें आपलें खरें वजन सांगून त्याशीं ताडून पाहावें. दोन-तीन हंगाम असें केलें म्हणजे रीत अंगवळणी पडेल, अंदाजावर विश्वास बसेल, आणि उद्यां सरकारी किंवा विमा कंपनीच्या आंकड्याविषयीं शंका आली, तर आपल्यापाशीं केवळ गाऱ्हाणें नसून मोजलेला हिशेब असेल. १९१८ च्या रयतेपाशीं जें साधन नव्हतें तें आज आपल्या हातीं आहे. तें वापरणें न वापरणें मात्र आपल्यावर अवलंबून आहे.